जुन्या गाडीतलं बदललेलं इंजिन ओळखताना या चुका टाळा

बेळगाव-निपाणी पट्ट्यात मूळ इंजिनासकट उभी असलेली जुनी गाडी मिळणं मुश्कील. पेट्रोल परवडेना तेव्हा लोकांनी डिझेल बसवलं. वडापच्या, म्हणजे शेअर प्रवासी वाहतुकीच्या, जीपांची तर किती इंजिनं आली-गेली याचा हिशेब मालकालाही नाही. सुटं इंजिन कोल्हापूरच्या भंगारातून आलं की चोर्ला घाट चढून गोव्याहून, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. आता नातवंडं त्याच गाड्या रिस्टोअर करायला काढतात आणि रात्री अकराला एअर फिल्टरचा फोटो पाठवून विचारतात, "काका, कुठलं इंजिन आहे बघा की."

एअर फिल्टरवरून इंजिन कळत नाही. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, त्याच्यावरच्या नावावरूनही नाही. ते कव्हर पाच मिनिटांत निघतं आणि दुसऱ्या इंजिनावर बसतं. रंगावरून तर मुळीच नाही, गॅरेजात जो डबा उघडा असेल तो रंग मारलेला असतो. कार्ब्युरेटर, डायनॅमो, डिस्ट्रिब्युटर, पान्यानं सुटणारं काहीही पुरावा धरू नका. ब्लॉक बघा, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा ओतीव सांगाडा.

ब्लॉक बघतानाही एक गफलत हमखास होते. ब्लॉकवर वर उठून आलेले आकडे दिसले की लोक तो इंजिन नंबर समजतात आणि आरसीशी जुळत नाही म्हणून घाबरतात. उठावाचे आकडे पॅटर्नमधून, म्हणजे ओतकामाच्या नमुन्यातून येतात. त्या पॅटर्नवर ओतलेल्या प्रत्येक ब्लॉकवर तेच असणार. इथं उद्यमबागेत कुठल्याही फौंड्रीवाल्याला विचारा, तो हसेल. त्यावरून इंजिनाचं घराणं कळतं, एवढंच. इंजिन नंबर वेगळा. तो मशीन मारलेल्या सपाट जागेवर पंचानं आत ठोकलेला असतो, नाहीतर रिव्हेट मारलेल्या पट्टीवर. पट्टी असेल तर आधी रिव्हेट बघा. गंजक्या ब्लॉकवर चकचकीत रिव्हेट म्हणजे पट्टी दुसरीकडून आली असणार.

आता माझी सगळ्यात नावडती चूक: बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मोजायचा, कॅल्क्युलेटर चालवायचा आणि आलेला सीसी इंटरनेटवर शोधायचा.

निपाणीतल्या एका पोराकडे आजोबांची मार्क टू अँबॅसॅडर होती. हेड, म्हणजे ब्लॉकवर बसणारा वरचा भाग, उघडलेलं. त्यानं बोअर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जातो ते अंतर, मोजून हिशेब केला तर आले 1552 सीसी. अँबॅसॅडरचं जुनं पेट्रोल इंजिन 1489चं, हे त्याला माहीत होतं. मग शोध सुरू. त्याच घराण्यात, म्हणजे विलायतेतल्या बीएमसी कंपनीच्या बी-सिरीजमध्ये, एमजीए गाडीचं 1588चं इंजिन आहे, हे त्याला सापडलं. झालं! पठ्ठ्यानं ठरवून टाकलं की हे विलायती स्पोर्ट्स कारचं इंजिन, गोव्यातून आलेलं. गोव्यात 1961पर्यंत पोर्तुगीज राजवट होती आणि परदेशी गाड्या येत होत्या हे खरं, म्हणून गोष्ट पटण्यासारखीही होती. गिऱ्हाईकाला त्यानं भावसुद्धा सांगून ठेवला होता.

मी गेलो, पिस्टनच्या माथ्यावरची काजळी फडक्यानं पुसली. खाली 060 असं कोरलेलं. "हे काय?" म्हटलं. "कंपनीचा नंबर असंल की." अरे बाबा, ते साठ थाउ, म्हणजे इंचाचे साठ हजारांश, ओव्हरसाइज, म्हणजे बोअर दीड मिलिमीटरनं वाढवलाय! मूळ बोअर 73.025 मिमी, त्यात 1.52 मिळवा, 74.55 होतो. स्ट्रोक 88.9. करा गुणाकार, बरोबर 1552 येतात. आजोबांनी कधीतरी इंजिन रिबोअर करून घेतलं होतं, एवढीच ती विलायती कहाणी. खऱ्या 1588चा बोअर 75.4च्या आसपास असतो आणि स्ट्रोक मात्र तोच, 88.9. पोराचा चेहरा उतरला, पण गिऱ्हाईक वाचलं.

याच्या उलटही होतं. स्लीव्ह, म्हणजे आत बसवलेली नळी, घालून बोअर पुन्हा स्टँडर्डला आणलेला असतो. ब्लॉकच्या वरच्या तोंडावर प्रत्येक बोअरभोवती केसासारखी गोल रेघ दिसली तर स्लीव्ह समजा. बोअर व्हर्नियरनं मोजू नका. लेथवाल्याकडे बोअर गेज असतो, चहावर काम होतं. आणि रिंगा जिथं पोचत नाहीत तिथं, अगदी खाली मोजा. वर झिजलेलं असतं.

काही मापं मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलीत, आधी बोअर, मग स्ट्रोक, दोन्ही मिलिमीटरमध्ये. फियाट 1100 आणि पद्मिनीचं 1089चं इंजिन 68 बाय 75. प्रीमिअर 118 एनईतलं निस्सान 73 बाय 70. नुसता बोअर मोजून "73 आला, म्हणजे अँबॅसॅडरचं" म्हणणारे इथंच फसतात, स्ट्रोकमध्ये जवळजवळ 19 मिमीचा फरक आहे. कॉन्टेसा आणि नंतरच्या अँबॅसॅडरमधलं इसुझू 1817चं, 84 बाय 82. महिंद्राच्या जीपमधलं प्यूजो डिझेल 90 बाय 83. मॅटाडोरचं 2.4 लिटरचं डिझेल, मूळ मर्सिडीजचं, 91 बाय 92.4. जुन्या विलिज जीपच्या पेट्रोल इंजिनात मापंही कामाची नाहीत, कारण साइड व्हॉल्व्ह आणि हरिकेन ही दोन्ही इंजिनं 79.4 बाय 111.1. तिथं हेड बघायचं. हरिकेनमध्ये इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात, एक्झॉस्टचे ब्लॉकमध्ये.

ज्यांना हेड उघडायचा कंटाळा आहे त्यांनी स्पार्क प्लगच्या भोकातून सळई घालून स्ट्रोक मोजू नये. अँबॅसॅडरमध्ये भोक तिरकं असतं, माप चुकतंच.

इंजिनाबरोबर माउंटिंगही बघा. ब्रॅकेटला वेल्डिंग, कापलेला क्रॉस मेंबर, इंजिन-गिअरबॉक्स जोडणाऱ्या बेलहाउसिंगमध्ये घातलेली जाड प्लेट, तोडून जोडलेला प्रोपेलर शाफ्ट, यातलं काही दिसलं तर गाडीत कधीतरी दुसऱ्याच घराण्याचं इंजिन बसलं होतं, आज मूळ जातीचं दिसत असलं तरी.

आणि ग्राइंडर. नंबर दिसत नाही म्हणून फ्लॅप डिस्क फिरवणाऱ्याच्या हातातून मी एकदा मशीन ओढून घेतलंय. पंच केलेला नंबर फार खोल नसतो. दोन हात फिरले की गेला, आणि पासिंगला साहेब घासलेली जागा बघून सरळ चोरीचा संशय घेतात. केरोसीन लावून रात्रभर ठेवा. सकाळी पितळी ब्रशनं हलक्या हातानं घासा. रंगाचे थर असतील तर पेंट रिमूव्हर. मग टॉर्च आडवा धरून बघा. पंचाच्या नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, आरटीओत चेसिस नंबरची छाप घेतात तशी. उठावाच्या आकड्यांवर खडू फिरवला की पुरतं. उतावळ्या माणसाला ही एक रात्र जड जाते, त्याला इलाज नाही.

शेवटी कागद. ब्लॉक कुठल्या कारखान्याचा हे लोखंड सांगेल, पण तो कुठल्या गाडीतून निघाला हे बहुतेक वेळा कागदच सांगतात. जुनं आरसी पुस्तक फेकू नका, स्मार्ट कार्डावर आधीच्या नोंदी येत नाहीत. कोल्हापूरची एमएच-09ची गाडी बेळगावच्या केए-22 किंवा चिकोडीच्या केए-23ला आणायची असेल तर एनओसी काढण्यापूर्वीच इंजिन नंबर ताडून बघा. मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 52प्रमाणे बदलाची नोंद आरसीवर लागते, आणि ती तिकडच्या कार्यालयात करून घेणं सोपं. नंतर सीमेच्या दोन्ही बाजूंना हेलपाटे मारावे लागतात. 2021च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी मनात असेल, म्हणजे पन्नास वर्षांवरची गाडी, तर इंजिनातला मोठा बदल तिथं आड येतो. डिझेल घातलेली जीप घेऊन त्या रांगेत उभं राहू नका.