ज्वारी-बीटाचा गुलाबी केक : मैदा नाही, अंडं नाही, दूध नाही आणि रंगाची बाटलीही नाही

बीटाचा केक करायला घेतला आणि ओव्हनमधून विटकरी रंगाचा काहीतरी प्रकार बाहेर आला, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितेय. टिनमध्ये ओतताना मिश्रण एकदम राणी कलरचं असतं, घरात सगळे येऊन बघून जातात, आणि पाऊण तासाने कापल्यावर आत तपकिरी. मग पुढच्या वेळी लोक अजून एक बीट वाढवतात आणि तरी तेच होतं, वर केकला बीटाच्या कोशिंबिरीचा वास येतो तो वेगळाच. बीट कमी पडलेलं नसतं हो, आंबट कमी पडलेलं असतं.

आपल्याकडे हे खरं तर सगळ्यांना माहितीय, फक्त केकशी जोडलेलं नसतं. पांढऱ्या शर्टावरचा हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो ना, आणि हळदीत चुना घालूनच कुंकू करायचे ना, तोच हा खेळ. झाडापानातले बरेच रंग आंबटात एक दिसतात आणि साबण, चुना, सोडा असल्या आंबटाच्या उलट, म्हणजे अल्कली बाजूच्या गोष्टींत वेगळेच दिसतात. बीटाच्या रंगाला, म्हणजे बीटानीनला, थोडं आंबट वातावरण मानवतं. खाण्याचा सोडा आणि जास्त आच हे दोन्ही एकत्र आले की तो टिकत नाही. विश्वास नसेल तर बीटाचा रस दोन छोट्या भांड्यांत घ्या, एकात लिंबू पिळा, दुसऱ्यात चिमूटभर सोडा टाका आणि दोन्ही उकळा. सोड्याचा बघता बघता पिवळट-तपकिरी व्हायला लागतो आणि लिंबाचा बराच वेळ तग धरतो. त्यामुळे या केकमध्ये वेगळा सोडा अजिबात नाही (बेकिंग पावडरमध्ये असतो, पण त्याच्या जोडीला आम्लही असतं), लिंबू भरपूर आहे आणि आच मंद आहे.

आता पीठ. आपल्या नाशिककडे पहिला विचार नागलीचा येतो, पेठ-सुरगाणा-त्र्यंबक पट्ट्यातली नागली असताना दुसरं कशाला आणायचं असं मलाही वाटतं, पण नागलीचा स्वतःचाच रंग एवढा गडद की गुलाबी त्यात बुडून जातो. नागली चॉकलेट केकसाठी ठेवा, तिथे ती मस्त लागते. इथे पांढरी ज्वारी घ्यायची, मालदांडी मिळाली तर उत्तमच, आणि जोडीला तांदूळ. ज्वारीऐवजी वरईचं, म्हणजे भगरीचं पीठही चालतं, केक जरा हलका होतो पण चव सपक वाटते, मला ज्वारीचीच आवडते.

ग्लूटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, फक्त फॅशन म्हणून टाळत असाल तर पुढचा मुद्दा सोडून द्या, पण घरात कुणाला सिलिॲक (ज्यात ग्लूटेन अजिबात चालत नाही तो आजार) असेल तर नीट वाचा. ज्वारीत ग्लूटेन नसतं हे खरं, पण गिरणीत तुमच्या आधी कुणीतरी गहू दळलेला असतोच आणि जात्यात राहिलेलं ते पीठ तुमच्या ज्वारीत येतं. गिरणीवाल्या दादांना कितीही सांगितलं तरी ते जातं धुऊन थोडीच देणार. म्हणून ज्वारी घरीच दळा, घरघंटी असेल आणि तिच्यात गहू दळत नसाल तर तिच्यावर, नाहीतर मिक्सरमध्ये थोडी थोडी घेऊन आणि दोनदा चाळून. तयार पीठ घेणार असाल तर पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहिलेलं बघा, आपल्याकडच्या नियमाप्रमाणे तसं लिहायला किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावं लागतं. बेकिंग पावडरचंही लेबल वाचा, त्यात स्टार्च असतो, बहुतेक वेळा मक्याचा असतो पण खात्री केलेली बरी. आणि व्हीगन, म्हणजे दूध-मधासकट प्राण्यांपासून आलेलं काहीच न खाणाऱ्यांसाठी एक सांगते, हिरवा ठिपका बघून निर्धास्त होऊ नका, हिरव्या ठिपक्यात दूध, तूप, मध सगळं बसतं. व्हीगनचं चिन्ह वेगळं आहे, हिरव्या चौकोनात इंग्रजी व्ही असतं.

सात इंची गोल टिनसाठी सामान असं. ज्वारीचं पीठ १२० ग्रॅम, तांदळाचं बारीक पीठ ६० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर किंवा अरारूट ३० ग्रॅम, काजू तुकडा किंवा सोललेल्या बदामाची पूड ४० ग्रॅम (सालासकट बदाम घेतले तर रंग मळतो). इसबगोल २ चहाचे चमचे, बेकिंग पावडर अडीच चहाचे चमचे, चिमूटभर मीठ. साल काढलेलं कच्चं बीट १५० ग्रॅम, म्हणजे मध्यम एक, लिंबाचा रस २ मोठे चमचे, बेदाणे ६० ग्रॅम, साधी साखर १०० ग्रॅम, वास नसलेलं तेल ६० मिली, पाणी १२० मिली आणि थोडी वेलची. वजनकाटा असेल तर काट्यावरच मोजा, ज्वारीचं पीठ वाटीत दाबून भरलं की बरंच जास्त जातं आणि मग केक कोरडा होतो म्हणून पीठाला नावं ठेवतात.

गूळ का नाही, हे विचारणारच तुम्ही. आमच्या सासूबाईंनीही विचारलं, "अगं, हेल्दी म्हणतेस आणि साखर घालतेस?" गूळ घातला की गुलाबी गेलाच आई, तो तपकिरी होतो, आणि गुळात थोडीफार खनिजं असली तरी मुख्यतः ती साखरच असते. त्यापेक्षा साखर कमी घालावी असं माझं मत. नेहमीच्या स्पंजला मैद्याच्या बरोबरीने साखर पडते, इथे सुक्या मिश्रणाच्या निम्म्याहून कमी आहे, बाकी गोडवा बेदाण्यांचा. ज्वारी अख्खी आहे, लोणी नाही, बीट आहे, इतपत हेल्दी. डायबेटिस असणाऱ्यांनी बेदाणेही साखरेतच मोजायचे आणि तुकडा छोटाच घ्यायचा. ग्लूटेन-फ्री म्हटलं की वजन कमी होतं असंही काही नसतं, तांदळाचं पीठ आहे शेवटी.

सुरुवात बेदाण्यांपासून. हिरवट-पिवळे बेदाणे घ्या, काळ्या मनुका नको. कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवा, कारण रंग उजळ राहावा म्हणून त्यांना गंधकाची धुरी दिलेली असते, आणि मग मोजलेल्या १२० मिली पाण्यात गरम करून अर्धा तास भिजत ठेवा. तेवढ्यात बीट सोलून बारीक तुकडे करा. उकडायचं नाही, उकडताना रंग पाण्यात जातो आणि पुढे ओव्हनमध्ये पुन्हा तापणारच आहे. मिक्सरच्या भांड्यात बीट, लिंबाचा रस आणि बेदाणे त्यांच्या पाण्यासकट घालून एकदम गुळगुळीत वाटा, मध्ये मध्ये कडा खाली ओढत. बोटांमध्ये चोळून बघा, कण लागला तर अजून फिरवा. लिंबू याच टप्प्याला घालायचं, नंतर आठवलं म्हणून नाही. त्याचा अजून एक फायदा म्हणजे बीटाचा मातकट वास कमी होतो. तो वास जिओस्मिनचा, पहिल्या पावसात मातीला येतो तोच, आणि आंबटात तो मवाळ होतो.

या वाटणात साखर आणि तेल घालून व्हिस्कने चांगलं फेटा, साखर विरघळली पाहिजे. दुसरीकडे ज्वारी, तांदूळ, कॉर्नफ्लोअर, काजू पूड, इसबगोल, मीठ, वेलची एकत्र चाळून घ्या, बेकिंग पावडर मात्र अजून बाजूलाच. सुकं ओल्यात घालून नीट मिसळा. इथे कितीही ढवळलं तरी केक चिवट होत नाही कारण चिवट व्हायला ग्लूटेनच नाही, हा एक मोठा आराम आहे.

मग झाकून अर्धा तास ठेवून द्या. ही पायरी गाळू नका, घाई असली तरी. ज्वारीची भाकरी नुसत्या गार पाण्यात लगेच मळून थापली की चिरा जातात आणि उकड काढली की छान वळते, कारण पिठाला पाणी प्यायला मिळतं. इथे उकड काढायची नाहीये पण पाणी प्यायला वेळ द्यायचाय, नाहीतर केक खाताना दाताखाली रवाळ लागतो. इसबगोलही याच वेळात फुलतं आणि अंड्याचं बांधून ठेवायचं काम करतं. जवसाची पूडही हे काम करते पण तिचे तपकिरी ठिपके दिसतात. अर्ध्या तासाने मिश्रण घट्ट झालेलं दिसेल, चमच्यातून धार न पडता गोळ्याने पडायला हवं. फारच घट्ट वाटलं तर दोन-तीन चमचे पाणी घाला.

ओव्हन १६० डिग्रीला दहा मिनिटं तापवून घ्या, टिनला तेल लावून तळाला बटर पेपर टाका, आणि हे सगळं तयार झाल्यावरच मिश्रणात बेकिंग पावडर चाळून घाला. आधी घातली तर लिंबाबरोबर मिळून सगळे बुडबुडे वाटीतच संपतात. पावडर पडल्यावर बघा, कडेने बारीक फेस येतो आणि रंग किंचित जांभळट वाटतो, घाबरू नका, भराभर मिसळा, टिनमध्ये ओता, ओल्या चमच्याने वरून सारखं करा आणि लगेच आत.

१६० डिग्रीला साधारण ४५ ते ५० मिनिटं. वीस-पंचवीस मिनिटांनी, वरचा थर धरला की, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल सैल टाका म्हणजे वरून करपट रंग येणार नाही. सुरी मध्यभागी घालून बघा, ओलसर कण चालतील, ओलं पीठ नको. प्रत्येक ओव्हनचा स्वभाव वेगळा असतो त्यामुळे चाळीस मिनिटांनंतर लक्ष ठेवा. रंग सगळ्यात चांगला हवा असेल तर मोठ्या केकऐवजी कपकेक करा, २० ते २५ मिनिटांत होतात आणि कमी वेळ तापल्यामुळे जास्त गुलाबी राहतात. ओव्हन नसेल तर कुकर, शिट्टी आणि रिंग काढून, तळाला जाड मीठ, त्यावर स्टँड, दहा मिनिटं तापवून मग मंद आचेवर ५० मिनिटं, पण कुकरमध्ये आच हातात राहत नाही, तळाशी रंग थोडा जातोच.

बाहेरचा कडेचा भाग तपकिरी होणार, ते अटळ आहे. गुलाबी आत असतो. पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचा नाही, निदान दोन तास. गरम कापला तर आत गिच्च लागतो आणि कच्चा राहिला असं वाटतं, खरं तर तो भाजलेला असतो, स्टार्च अजून बसलेला नसतो.

वरची क्रीम म्हणजे खरी रंगाची जागा, कारण तिला आच लागतच नाही. १०० ग्रॅम काजू कडक पाण्यात पाऊण तास भिजवा, पाणी काढून टाका, दोन-तीन चमचे घट्ट नारळाचं दूध, दोन चमचे पिठीसाखर, एक छोटा चमचा लिंबाचा रस घालून लोण्यासारखं मऊ वाटा. मग किसलेलं बीट फडक्यात पिळून त्याचा रस थेंबा-थेंबाने घाला. एका चमच्याने बेबी पिंक, दोन-तीन चमच्यांनी भडक. जास्त रस म्हणजे क्रीम पातळ, त्यामुळे हात आखडता ठेवा आणि तासभर फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या.

जानेवारी ते एप्रिल नाशकात द्राक्षं असतात तेव्हा मी बीटाऐवजी क्रीमला काळ्या द्राक्षांचाच रंग देते. घडातून सुटलेले मणी गाडीवर स्वस्त मिळतात, दिसायला कसे का असेनात, आपल्याला शिजवायचेच आहेत. पाव किलो काळे मणी मिठाच्या पाण्यात नीट धुवून, न सोलता, दोन चमचे पाण्यात दहा मिनिटं शिजवा आणि डावाने चेचा. रंग सालात असतो, गर फिकाच असतो, त्यामुळे साल चांगली चेचली गेली पाहिजे. गाळून रस पुन्हा आटवा, तीन-चार चमचे दाट पाक राहील. गार करून काजूच्या क्रीममध्ये घातला की मऊ जांभळा रंग येतो, आणि लिंबाचे चार थेंब टाकले की डोळ्यांदेखत गुलाबीकडे झुकतो, मुलांना हे करायला द्या. हा पाक केकच्या मिश्रणात घालायचा मोह झाला आणि त्यात सोडा असला तर मात्र राखाडी-निळसर केक मिळेल, कुणी खाणार नाही.

बाकी रंगांचं थोडक्यात. केशर सोपं. हळद चिमूटभरच, आणि सोडा असलेल्या केकमध्ये तिचे लाल डाग पडतात. गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाकली की निळा, लिंबू पिळलं की जांभळा. पालकाचं उलटं असतं, त्याचा हिरवा आंबटात आणि जास्त तापल्यावर शेवाळी होतो, त्यामुळे पालक आणि लिंबू एकत्र नको.

केक ओलसर असतो म्हणून उन्हाळ्यात बाहेर ठेवू नका, फ्रीजमध्ये तीन दिवस राहतो. फ्रीजमध्ये तांदूळ-ज्वारी कडक होतात, खायच्या आधी तुकडा दोन मिनिटं वाफेवर धरा किंवा मायक्रोवेव्हमध्ये वीस सेकंद, क्रीम त्यानंतर लावायची. डब्यात द्यायचा असेल तर बिनक्रीमचाच द्या. किडनी स्टोनचा त्रास असलेल्यांना देताना आधी विचारा, बीटात ऑक्झलेट, म्हणजे बऱ्याच खड्यांमध्ये सापडणारा घटक, बरंच असतं. आणि खाऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी घाबरून सांगायला आलं की लघवी गुलाबी झालीय, तर काही जणांना बीटाने तसं होतं, हे केक वाढतानाच सांगून ठेवा.