परराष्ट्रमंत्री जॉर्जियाचे, सचिव ब्रिटनचे: राजकीय इंग्रजीतल्या या चुका टाळा

मराठी दैनिकाच्या वृत्तसंपादन विभागात आणि नंतर स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांच्या सराव उत्तरपत्रिका तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि राजकारण, शासन व निवडणूक या विषयांतल्या इंग्रजी शब्दांच्या त्याच त्या चुका पाहून आता लाल पेनाचाही जीव मेटाकुटीला आला आहे. हे शब्द अवघड नसतात, हीच यातली खरी अडचण आहे. ‘सेक्रेटरी’, ‘मेजॉरिटी’, ‘स्टेट’ हे शब्द शाळकरी मुलालाही ठाऊक असतात आणि ठाऊक असलेल्या शब्दासाठी कोणी कोश उघडत नाही. कोश उघडलाच, तर पहिला अर्थ उचलून पुढे जाण्याची घाई असते.

‘सेक्रेटरी’ या शब्दापासून सुरुवात करतो, कारण याने मला सर्वाधिक मनस्ताप दिला आहे. आपल्याकडे सचिव म्हणजे सनदी अधिकारी; मंत्रालयात अवर सचिवापासून मुख्य सचिवापर्यंतची उतरंड आपल्या परिचयाची असते. ब्रिटनमध्ये मात्र ‘होम सेक्रेटरी’ हा गृहमंत्री असतो, आणि आपल्या सचिवाशी जुळणाऱ्या अधिकाऱ्याला तिथे ‘पर्मनंट सेक्रेटरी’ म्हणतात. त्याहून फसवे पद ‘पार्लमेंटरी अंडर सेक्रेटरी ऑफ स्टेट’ हे आहे. त्याचे ‘संसदीय अवर सचिव’ असे भाषांतर मी कितीतरी वेळा खोडले आहे, कारण तो कोणी अवर सचिव नसून खात्यातला कनिष्ठ मंत्री असतो.

१९ ऑक्टोबर २०२२ रोजी ब्रिटनच्या ‘होम सेक्रेटरी’ सुएला ब्रेव्हरमन यांनी राजीनामा दिला, तेव्हा भारतात रात्र झाली होती आणि पहिली आवृत्ती सोडायची वेळ जवळ आली होती. नव्याने रुजू झालेल्या उपसंपादकाने ‘ब्रिटनच्या गृहसचिवांचा राजीनामा’ असा मथळा दिला. इतकेच झाले असते तर एक शब्द बदलून भागले असते. परंतु राजीनाम्याच्या पत्रात सरकारच्या दिशेविषयी नापसंती होती, आणि एखादा अधिकारी सरकारवर जाहीरपणे टीका कशी करू शकतो, असा प्रश्न त्या मुलाला पडला. प्रश्न रास्त होता, पण त्याचे उत्तर शोधण्याऐवजी त्याने बातमीत स्वतःच्या पदरचे एक वाक्य घातले: ‘सनदी अधिकाऱ्याने मंत्रिमंडळाविरुद्ध अशी भूमिका घेण्याची घटना दुर्मीळ मानली जाते.’ पहिली आवृत्ती तशीच छापली गेली. चुकीच्या शब्दातून चुकीची वस्तुस्थिती कशी जन्माला येते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला नंतर मिळाले नाही.

अमेरिकेत हा घोळ दुप्पट होतो. तेथील संघराज्याचा ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ म्हणजे परराष्ट्रमंत्री. त्याला ‘राज्य सचिव’ म्हणणारे अजूनही आढळतात. ही चूक एकदा दाखवून दिली की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. २ जानेवारी २०२१ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी जॉर्जिया राज्याचे ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना दूरध्वनी करून ११,७८० मते शोधण्याविषयी सांगितले, त्या बातमीच्या एका मसुद्यात रॅफेन्सपर्गर चक्क ‘जॉर्जियाचे परराष्ट्रमंत्री’ झाले होते, आणि त्यामुळे वाचकाची समजूत अशी झाली असती की ट्रम्प यांनी कॉकेशस पर्वतरांगांतल्या त्या नावाच्या देशाकडे मते मागितली. अमेरिकी राज्यांत हे पद बहुतेक ठिकाणी निवडणुकांचे कामकाज पाहणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याचे असते आणि जॉर्जियात तो थेट मतदारांकडून निवडला जातो. अशा वेळी मी ‘राज्याचे मुख्य निवडणूक अधिकारी’ असे लिहितो. हे शब्दशः भाषांतर नाही, याची मला कल्पना आहे, आणि त्याबद्दल मला खंतही वाटत नाही.

यावर माझा उपाय पद्धतशीर वगैरे नाही, केवळ सवयीचा आहे. पदाचे नाव समोर आले की मी वहीच्या समासात दोन प्रश्न लिहितो: याला नेमतो कोण आणि याला काढतो कोण. त्यांची उत्तरे मिळाली की मराठी शब्द बहुधा आपोआप सुचतो. ‘गव्हर्नर’ या शब्दालाही हेच लागू पडते: आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, तर अमेरिकी राज्याचा गव्हर्नर निवडून येतो आणि तिथल्या कारभाराचा प्रमुख असतो. म्हणून मी त्याला ‘राज्यपाल’ न म्हणता ‘गव्हर्नर’च ठेवतो.

उलट दिशेने, म्हणजे मराठीतून इंग्रजीत जाताना होणाऱ्या दोन चुका थोडक्यात संपवतो. ‘राज्यमंत्री’ म्हणजे ‘मिनिस्टर ऑफ स्टेट’. ‘स्टेट मिनिस्टर’ लिहिले की वाचणाऱ्याला तो एखाद्या राज्याच्या मंत्रिमंडळातला मंत्री वाटतो. ‘डिपॉझिट जप्त’ याचे इंग्रजी करताना ‘सीझ्ड’ लिहू नये, ‘फॉरफिटेड’ किंवा सरळ ‘लॉस्ट’ लिहावे; ती काही पोलिसांनी टाकलेली धाड नव्हे, एकूण वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्याचा परिणाम आहे.

दुसरी चूक आपल्या घरची आहे आणि तिची मुळे खोल आहेत. इंग्रजीत ‘कॉन्स्टिट्युअन्सी’ आणि ‘इलेक्टोरेट’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला प्रामुख्याने क्षेत्रासाठी, दुसरा मतदारांच्या समूहासाठी. मराठीत दोन्हींना ‘मतदारसंघ’ हा एकच शब्द रूढ झाला आणि त्यामुळे पुणे कराराविषयीच्या उत्तरांची दैना होते. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी जाहीर केलेल्या जातीय निवाड्यात अस्पृश्य वर्गाला ‘सेपरेट इलेक्टोरेट’ दिले होते, म्हणजे त्यांच्या काही प्रतिनिधींना केवळ त्यांच्याच वर्गातील मतदार निवडणार होते. त्याविरुद्ध गांधीजींचे उपोषण सुरू झाले आणि २४ सप्टेंबर रोजी येरवड्यात करार झाला. त्यात ही तरतूद जाऊन प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. या जागांवरचे उमेदवार अस्पृश्य वर्गातील, पण अंतिम मतदान सर्वांचे; त्याआधी चार उमेदवारांची प्राथमिक निवड त्या वर्गातील मतदारांनी करायची, अशी ती रचना होती.

आता एका हुशार विद्यार्थ्याचे वाक्य पाहा. त्याने इंग्रजी उत्तरात लिहिले होते की पुणे करारामुळे ‘सेपरेट कॉन्स्टिट्युअन्सीज’ रद्द होऊन ‘रिझर्व्ह्ड कॉन्स्टिट्युअन्सीज’ आल्या. मी त्याला विचारले, की वेगळ्या मतदारसंघांच्या जागी राखीव मतदारसंघ आले, तर नेमके बदलले काय, आणि बाबासाहेब आंबेडकर व गांधीजी यांच्यात एवढा संघर्ष कशासाठी झाला? तो गप्प झाला, कारण त्याच्या वाक्यात फरक उरलाच नव्हता. मग मी त्याला सोलापूरचे उदाहरण दिले. सोलापूर लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तिथे उमेदवार त्या प्रवर्गातला असावा लागतो, पण मतदान केंद्राबाहेरच्या रांगेत सगळेच उभे असतात. रांगेत फक्त अनुसूचित जातींचे मतदार उभे राहिले असते, तर ते ‘सेपरेट इलेक्टोरेट’ झाले असते. एवढे सांगितल्यावर त्याने पुन्हा ती चूक केली नाही, मात्र पुढच्याच आठवड्यात त्याने मला पेचात पकडले: विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची मतदारयादी तर वेगळी असते, मग त्याला इंग्रजीत ‘कॉन्स्टिट्युअन्सी’ का म्हणतात? प्रश्न बिनतोड होता. कायद्याची परिभाषा तशी आहे, एवढेच उत्तर मी देऊ शकलो. तेव्हापासून मराठीत लिहिताना ‘विभक्त मतदारसंघ’ हा रूढ शब्द मी ठेवतो, पण पहिल्याच उल्लेखात मत कोण देणार आणि उभे कोण राहणार, हे एका वाक्यात सांगून टाकतो.

‘मेजॉरिटी’ म्हणजे नेहमी बहुमत असे समजणाऱ्यांसाठी १२ डिसेंबर २०१९ ची ब्रिटिश निवडणूक पुरेशी आहे. हुजूर पक्षाला ६५० पैकी ३६५ जागा मिळाल्या आणि तिथल्या वृत्तपत्रांनी ‘८० ची मेजॉरिटी’ असे लिहिले. मराठीत ‘८० जागांचे बहुमत’ असे वाचून कोणालाही वाटेल, की ८० जागांवर बहुमत मिळणारे हे कुठले सभागृह? ३६५ मधून उरलेल्या २८५ वजा केल्या की ८० उरतात, म्हणजे हे आधिक्य आहे. एकट्या उमेदवाराच्या बाबतीत त्याच शब्दाचा अर्थ मताधिक्य असा होतो.

अमेरिकेतल्या ‘मिडटर्म’ला ‘मध्यावधी निवडणूक’ म्हणण्याची प्रथा मला मान्य नाही. आपल्याकडे १९७१ ची लोकसभा निवडणूक मध्यावधी होती, कारण सभागृह मुदतीआधी विसर्जित झाले होते. तिकडे अध्यक्षांच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यावर प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ आणि सिनेटच्या सुमारे एकतृतीयांश जागांसाठी ठरल्या वेळापत्रकाने मतदान होते, कोणाचे सरकार पडलेले नसते. मी ‘मुदतमध्य निवडणूक’ असा शब्द वापरून पाहिला. संपादकांनी तो दरवेळी बदलला.

बैठक तहकूब होणे, सत्रसमाप्ती (‘प्रोरोगेशन’) आणि विसर्जन या तीन गोष्टी एकच मानणे ही आळसाची चूक आहे. २०१९ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी संसदेचे ‘प्रोरोगेशन’ घडवले, तेव्हा मराठीत ‘संसद बरखास्त’ असे सर्रास वाचायला मिळाले. २४ सप्टेंबर रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने ते बेकायदा ठरवले आणि दुसऱ्याच दिवशी खासदार सभागृहात येऊन बसले. बरखास्त संसदेचे खासदार असे येऊन बसत नसतात.

‘टेबल’ हे क्रियापद भारतात आणि ब्रिटनमध्ये प्रस्ताव मांडणे या अर्थी, तर अमेरिकेत तो बाजूला ठेवणे या अर्थी येते. बातमी कुठली आहे ते पाहूनच लिहावे. ‘प्रिसायडिंग ऑफिसर’ मतदान केंद्रावर केंद्राध्यक्ष आणि सभागृहात पीठासीन अधिकारी असतो. ‘रिटर्न्ड कँडिडेट’ म्हणजे निवडून आलेला उमेदवार. ‘परत आलेला उमेदवार’ असे लिहिणाऱ्याला मी इतकेच विचारतो, की तो गेला कुठे होता.

राहता राहिला ‘व्हिप’. हा शब्द माणसालाही लागतो आणि त्याने काढलेल्या आदेशालाही. माणूस प्रतोद, आदेश पक्षादेश. शिवसेनेतल्या फुटीवरच्या ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाला, म्हणजे पक्षाच्या आमदारांच्या गटाला, नसून राजकीय पक्षाला आहे असे सांगितले, त्यावरून महाराष्ट्रात हा शब्द घरोघरी पोचला, पण गोंधळ तसाच राहिला. त्या काळातल्या एका पानावर ‘आमदारांनी प्रतोद झुगारला’ असा मथळा होता आणि त्याखाली प्रतोदांचे हसतमुख छायाचित्र छापलेले होते.