भरमा, भरमाण्णा की येळ्ळूरकर? विसरलेल्या खात्यातले पैसे कसे काढावेत

ट्रंकेच्या तळाशी, जुन्या लग्नपत्रिकांखाली, घरातल्या कुणा गेलेल्या माणसाचं पासबुक सापडतं. मग घरात दोन मतं होतात. एकजण म्हणतो, "सोडा, ते पैसे सरकारजमा झाले." दुसरा म्हणतो, "वकील गाठा, कोर्टातून वारसा दाखला काढा." दोघांनाही चहा द्या आणि बाजूला बसवा. आमच्या घरचं धरून पाच-सहा कुटुंबांची ही कामं मी केली आहेत. कोर्टात एकदाही जावं लागलेलं नाही.

खात्यावर दोन वर्षं आपल्या बाजूने काही व्यवहार झाला नाही तर बँक ते निष्क्रिय धरते. दहा वर्षं झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. हा निधी 2014 मध्ये सुरू झाला. पैसे तिथे गेले म्हणजे बुडले नाहीत. मागायला मुदत नाही, आणि खातं व्याजाचं असेल तर व्याजही मिळतं (11 मे 2021 पासून साधं 3 टक्के, त्याआधी थोडं जास्त). फक्त रिझर्व्ह बँकेला पत्रं लिहीत बसू नका. मागायचं बँकेकडे. बँक आपल्याला देते आणि मग निधीतून स्वतःचं वसूल करते.

बँकेची पाटी बदलली असेल तर घाबरायचं कारण नाही. सिंडिकेट बँक 2020 मध्ये कॅनरात गेली, विजया बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात, सांगली बँक त्याच्याही कितीतरी आधी आयसीआयसीआयमध्ये. मलप्रभा ग्रामीणची 2005 मध्ये कर्नाटक विकास ग्रामीण झाली आणि मे 2025 पासून ती कर्नाटक ग्रामीण बँक आहे. जिने जुनी बँक घेतली, तिने तिची देणीही घेतली.

शोधायचं रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर. मोबाइल नंबर नोंदवा, ओटीपी टाका, झालं. फुकट आहे. शोधून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मार्च 2024 पर्यंत यात 30 बँका आल्या होत्या. ग्रामीण बँक, जिल्हा बँक किंवा गावातली सहकारी बँक असेल तर उद्गमवर नाही सापडलं म्हणून हात टेकू नका, थेट शाखेत जा.

उद्गमवर नाव आणि बँक टाकावी लागते. सोबत पॅन, मतदार ओळखपत्र, लायसन, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांपैकी एक. यातलं काहीच नसेल तर पत्ता. जन्मतारखेवर फार विसंबू नका. आमच्याकडे अर्ध्या गावाचा जन्म 1 जूनला झालेला आहे, आणि जुन्या खात्यांवर कित्येकदा तारीखच नसते. पत्त्यात बेळगावचं स्पेलिंग जुनं टाकून बघा. बेळगावी हे नाव सरकारदरबारी 1 नोव्हेंबर 2014 ला आलं, आपलं खातं त्याआधीचं आहे.

इथवर अर्धा तास लागतो. खरं काम नावाचं, आणि त्यावर कुणी धड बोलत नाही.

आमच्या मामंजींचं नाव भरमा. रेशनकार्डावर भरमाण्णा. मृत्यू दाखल्यावर ब्रह्मा, कारण लिहिणाऱ्याला भरमा म्हणजे ब्रह्माच वाटलं असणार. मी महिनाभर उद्गमवर पाटील, पाटील शोधत होते. भरमा पाटील, भरमाण्णा पाटील, बी नंतर एच घालून, एच काढून. काही नाही. मामंजी तरुणपणी मुंबईत गिरणीत होते आणि खातं तिथलंच असणार, एवढंच माहीत होतं, कारण पासबुकाचं पहिलं पानच फाटलेलं. शेवटी एका लग्नात लालबागच्या गावकीच्या खोलीत त्यांच्यासोबत राहिलेले एक म्हातारे भेटले. जेवणाच्या पंगतीत सहज विचारलं. ते म्हणाले, "कुठला पाटील? खोलीत चार पाटील होते. तुझ्या सासऱ्याला सगळे येळ्ळूरकर म्हणायचे." घरी येऊन येळ्ळूरकर टाकलं आणि दुसऱ्याच प्रयत्नात नाव समोर. स्क्रीनवर रक्कम दिसत नाही, यूडीआरएन नावाचा एक लांब क्रमांक दिसतो. तो उतरून घ्या, बँकेत तोच लागतो.

तेव्हा शोधायच्या आधी कागद घ्या आणि त्या माणसाची होऊ शकतील तेवढी नावं लिहून काढा. उताऱ्यावरचं आडनाव, गावावरून पडलेलं आडनाव, बाई असेल तर माहेरचं नाव. मागे लागलेलं आप्पा, राव, गौडा, बाई, अव्वा हे घालून आणि काढून. मग स्पेलिंग. मारुतीच्या शेवटी महाराष्ट्रातला कारकून नुसता टी लिहितो, इथला, म्हणजे कर्नाटकातला, टी-एच लिहितो. लक्ष्मण एक्स घालून आणि के-एस-एच घालून. यल्लाप्पाला ए आणि ई दोन्ही. परशराम आणि परशुराम ही उद्गमच्या लेखी दोन वेगळी माणसं.

नाव सापडल्यावर दुसरी अडचण: खात्यावरचा येळ्ळूरकर आणि दाखल्यावरचा ब्रह्मा पाटील हा एकच माणूस, हे बँकेला पटवायचं. इथे लोक सांगतात, "गॅझेटमध्ये नाव बदलून घ्या." गेलेला माणूस नाव कसं बदलणार? लागतं ते नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र, की या सगळ्या नावांची व्यक्ती एकच होती. माझं पहिलं प्रतिज्ञापत्र बँकेने परत केलं. टायपिस्टने येळ्ळूरकर लिहिलं, पाटील लिहिलं, आणि मृत्यू दाखल्यावरचं ब्रह्मा विसरला. मीही न वाचता सही केली होती. पुन्हा स्टँप, पुन्हा नोटरी, पुन्हा एक दिवस. म्हणून सांगते, प्रत्येक कागदावर नाव जसं आहे तसं, अक्षर न अक्षर, तो कागद कुठला हे सांगून लिहून घ्या. टायपिस्टला तोंडी सांगू नका, लिहून हातात द्या. जोडीला दोन्ही नावांना बांधणारा एखादा जुना कागद जोडा. आमच्याकडे गिरणीचं एक पत्र होतं, नाव येळ्ळूरकर आणि पत्ता गावातल्या पाटील गल्लीचा. त्या पत्राने जे केलं ते शंभर शिक्क्यांनी केलं नसतं.

वंशावळ नाडकचेरीतून (कर्नाटकातलं महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय) काढा. तलाठ्याकडे जातानाच नावापुढे 'उर्फ' घालून द्या, नंतर दुरुस्ती म्हणजे नवा अर्ज. आणि लेकींची नावं घाला. आमच्या भागात वंशावळ सांगताना मुलगे सांगतात आणि थांबतात. बँक मात्र लग्न झालेल्या लेकीचीही संमती मागते, आणि बरोबरच आहे, ती वारस आहे. आमच्या वन्सं चंदगडला दिलेल्या. त्यांचं आधार मराठी-इंग्रजीत, इथल्या कागदांवर कन्नड-इंग्रजी, आणि तिसऱ्याच स्पेलिंगमध्ये त्यांचं नाव. सगळ्या वारसांच्या ओळखपत्रांवरचं इंग्रजी स्पेलिंग आधीच ताडून बघा. शक्य असेल तर त्यांना एकदाच एसटीने बोलावून शाखेतच सही घ्या. पोस्टाने कागद फिरवण्यात आमचे दोन महिने गेले.

नॉमिनी असेल तर एवढं काही नको: अर्ज, मृत्यू दाखला, नॉमिनीचं ओळखपत्र. (नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीने घेतो, हे दिराला आधीच सांगून ठेवा.) नॉमिनी नसेल तरी रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2025 च्या निर्देशांप्रमाणे व्यापारी बँकेत 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत, वारसांत वाद नसेल तर, कोर्टाचा वारसा दाखला मागायचा नाही. हमीपत्र, बाकी वारसांची ना-हरकत आणि वारस कोण याचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र पुरतं. बँकांनी हे 31 मार्च 2026 पर्यंत लागू करायचं होतं. काउंटरवरच्या माणसाला माहीत नसेल तर मॅनेजरकडे जा, भांडू नका.

खातेदार स्वतः हयात असेल तर केवायसीचे कागद घेऊन बँकेच्या कुठल्याही शाखेत जायचं. निष्क्रिय खातं चालू करायला शुल्क नाही.

पतसंस्था आणि सौहार्द (कर्नाटकातल्या तशाच सहकारी संस्था) या बँका नव्हेत, त्यांचे पैसे या निधीत जात नाहीत. ती संस्था बुडाली असेल तर सहकार खात्याचा लिक्विडेटर (संस्थेची देणी मिटवायला नेमलेला अधिकारी) शोधावा लागतो, आणि तो वेगळाच वनवास आहे. विम्याचे पैसे दहा वर्षांनी ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात, तिथे मात्र 25 वर्षांची मुदत आहे. पॉलिसीचे कागद हाती आले तर ते आधी उरका. शेअरचा लाभांश सात वर्षांनी आयईपीएफमध्ये, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, जातो.

अर्ज देताना झेरॉक्सवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय शाखेतून बाहेर पडू नका. सगळे कागद मिळाल्यापासून बँकेला पंधरा दिवस आहेत, आणि ते मोजायला शिक्का लागतो. दिवस उलटले तर लेखी तक्रार बँकेतच द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, नाहीतर 14448 वर फोन. आमच्या वेळी तक्रारीची वेळ आली नाही. मी शिक्क्याची झेरॉक्स घेऊन तिसऱ्यांदा गेले तेव्हा कारकुनाने ती लांबूनच ओळखली आणि म्हणाला, "येळ्ळूरकर ना? बसा."