टोपी सैल होत नाही: पहिले सेफ्टी शूज घेताना आणि पायात मुरवताना

आयटीआय झालेली पोरं दरवर्षी जळगाव एमआयडीसीत, दीपनगरच्या वीज केंद्रात, भुसावळच्या रेल्वे वर्कशॉपला, धुळ्याच्या अवधानला, नरडाण्याला कामाला लागतात. कुणी अप्रेंटिस म्हणून, कुणी ठेकेदाराकडे. गेटवर पहिला प्रश्न एकच असतो, सेफ्टी शूज आहेत का? मग घाईघाईत मिळेल तो जोड घेतला जातो. पहिल्या आठवड्यात पोरगा लंगडतो, दुसऱ्या आठवड्यात टाच चेपून बूट चपलेसारखा ओढत चालतो, आणि पुढे सुपरवायझर नसला की सरळ स्लीपरवर येतो. पायावर लोखंडी अँगल पडायचा तो अशाच दिवशी पडतो.

मी अमळनेर तालुक्यातला, ट्रेड फिटर, आणि माझं बरंचसं आयुष्य फॅब्रिकेशन शॉपमध्ये गेलंय. नवीन पोरांच्या पायाचे हाल बघवत नाहीत, कारण यातले बहुतेक हाल दुकानातच टाळता येतात.

आमचे एक जुने मिस्तरी होते. नव्या पोराचा बूट हातात घेऊन बोटांवरच्या स्टीलच्या टोपीवर टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "लोखंड काय वाढत नही रे भाऊ, चामडं वाढस." सेफ्टी शूजचं सगळं गणित यात आलं. बुटाचं चामडं तुमच्या पायाप्रमाणे वळतं, टाचेची बाजू नरम पडते, घोट्याची पट्टी सैलावते. पण ती टोपी दुकानात जशी आहे तशीच बूट फाटेपर्यंत राहते. म्हणून बोटांच्या जागेबाबत तडजोड करायची नाही. तिथे आज दाबतंय तर दिवाळीलाही दाबणार. "घालून घालून सैल होतील" असं दुकानदार म्हणाला तर त्याला विचारा, नेमकं काय सैल होणार? टाच म्हणाला तर ठीक. टोपीबद्दल म्हणत असेल तर बूट परत करा.

बूट संध्याकाळी घ्या. दिवसभर उभं राहून पाय थोडा सुजतो, आणि शिफ्टच्या शेवटच्या दोन तासांत तोच सुजलेला पाय बुटात असणार आहे. कामावर जे मोजे घालणार तेच घालून जा. दोन्ही पायांत बूट घाला, कारण बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो. माप मोठ्या पायाचं. वरून अंगठ्याने दाबून बोटं कुठे आहेत ते सेफ्टी शूजमध्ये कळत नाही, हाताला फक्त लोखंड लागतं. त्याऐवजी लेस सोडून पाय पूर्ण पुढे सरकवा आणि टाचेमागे हाताचं एक बोट घालून बघा. बोट सहज जायला हवं. मग टाच मागे आपटून बसवा, लेस बांधा आणि आत पायाची सगळी बोटं हलवा. करंगळी भिंतीला घासत असेल तर तो बूट तुमचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी, जी दुकानात कुणी करत नाही. बूट घालून उकिडवे बसा. आपल्याकडचं काम टेबलावर कमी आणि जमिनीवर जास्त चालतं. फिटर असो, वेल्डर असो, पाईप लाइनवाला असो, निम्मा दिवस उकिडवं बसून जातो. तसं बसलं की बूट चवड्यापाशी दुमडतो आणि स्टीलच्या टोपीची मागची कड खाली येते. ती कड बोटांच्या मुळाशी, सांध्याच्या थोडी पुढे यायला हवी. बूट लांबीला चुकीचा असला तर ती नेमकी सांध्यावर टेकते. दुकानात पाच मिनिटं तसंच बसून राहा, थोडं पुढे-मागे झुका. उभं राहिल्यावर मोजा काढा आणि बोटांच्या वर आडवी लाल रेघ उठली आहे का बघा. रेघ असेल तर एक नंबर पुढे-मागे करून बघा किंवा दुसऱ्या कंपनीचा साचा, म्हणजे बुटाचा घडलेला आकार, घ्या. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

रुंद पायांबद्दल वेगळं सांगायला हवं. शेतात अनवाणी किंवा चपलेवर वाढलेल्या आपल्या पोरांचा चवडा पसरट असतो. अशी पोरं रुंदी मिळावी म्हणून ७ ऐवजी ९ नंबर घेतात. चवडा बसतो, पण लांबी जास्त होते, टाच आत वरखाली होते आणि तिथेच फोड येतो. शिवाय बूट दुमडतो ती जागा आणि पाय दुमडतो ती जागा यांचा मेळ बसत नाही. नंबर वाढवण्याआधी रुंद साचा मागा. बाटा, लिबर्टी, करम, हिलसन, अ‍ॅलन कूपर यांचे साचे एकमेकांपासून वेगळे आहेत, त्यामुळे एकाचा ८ बसला म्हणून दुसऱ्याचा ८ बसेलच असं नाही. याच कारणामुळे पहिला जोड ऑनलाइन मागवू नये असं माझं ठाम मत आहे. वेल्डिंग रॉड, हातमोजे, हेल्मेट विकणाऱ्या सेफ्टीच्या दुकानात जाऊन पायात घालूनच घ्या. दुसरा जोड त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा असेल तर खुशाल मागवा.

छापील खुणा वाचायला शिका. आयएसआयचा शिक्का, त्यावर आयएस १५२९८ आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तो नंबर टाकला की लायसन्स खरं आहे का, कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. याच मानकाचे भाग मात्र नीट बघा. भाग २ म्हणजे सेफ्टी फूटवेअर, त्याची टोपी २०० जूलचा आघात झेलते, म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून पडल्यासारखं. भाग ३ ची टोपी १०० जूलची. भाग ४ मध्ये टोपीची हमीच नाही. बाहेरून तिन्ही सारखेच काळे, सारखेच जाड दिसतात. जड फॅब्रिकेशन, पाईपचे गठ्ठे, रूळ, लोखंडी साचे असल्या कामाला भाग २ शिवाय दुसरं घेऊ नका. जमिनीवर खिळे, पत्र्याचे तुकडे, टर्निंगचा (लेथवर निघणारा) धातूचा कीस असेल तर सोलमध्ये आडवी पोलादी किंवा कापडी पट्टी असलेला, एस१पी किंवा एस३ लिहिलेला बूट हवा.

सोलचं थोडक्यात. पीयू (पॉलियुरेथेन) सोल हलका आणि मऊ, पण गरम कीस आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांवर वितळतो. फर्नेस, फोर्जिंग, वेल्डिंगला नायट्राइल रबर बरा. वेल्डरने घोट्याच्या वर जाणारा, जिभेच्या दोन्ही कडा शिवलेला बूट घ्यावा आणि पँट बुटावरून खाली सोडावी. आत खोचली की ठिणगी थेट मोज्यात. विजेचं काम करणाऱ्यांनी स्टीलची टोपी आहे म्हणजे शॉकपासून संरक्षण आहे असं समजू नये. त्यांच्यासाठी वेगळा बूट असतो, तोच मागावा.

पैशाचं स्पष्ट बोलतो. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेसाठी जे पुरवलं जातं त्याचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत, असं २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत आहे. म्हणून आधी मागा, तोंडी नको, दोन ओळी लिहून मागा. तरीही ठेकेदाराकडे लागलेल्या बऱ्याच पोरांना स्वतःच घ्यावे लागतात. घ्यावेच लागले तर सगळ्यात स्वस्त जोड सोडून द्या. कंपनी देणार असेल तर "कोणताही नंबर चालेल" म्हणू नका. स्टोअरमध्ये उभं राहून वरची उकिडवं बसण्याची तपासणी तिथेही करा.

आता बूट मुरवणं. कामावर जायच्या आठ-दहा दिवस आधी बूट घरात आलेला हवा. पहिल्या दिवशी बारा तासांच्या शिफ्टला नवे कोरे बूट घालून जाणं म्हणजे फोडांना आमंत्रण. रोज संध्याकाळी जाड सुती मोजे घालून तासभर घरात वावरा. नुसतं खुर्चीत बसून बूट मुरत नाही, त्याला दुमडायला लावावं लागतं. जिने चढा-उतरा, ओट्यावर चवड्यांवर उभे राहा, उकिडवे बसून उठा. पहिल्या दोन संध्याकाळी चवड्यावर आडव्या घड्या पडतील. त्या दोन्ही बुटांवर एकाच जागी, अंगठ्याच्या सांध्याच्या रेषेत पडल्या तर बूट बरोबर आहे. रोज अर्धा तास वाढवत न्या. मग एक दिवस बाजारात जाऊन या, आणि त्यानंतर शिफ्ट.

लेस बांधण्यात निम्मं काम आहे. टाच मागे घट्ट बसवून मगच ओढायला सुरुवात करा. चवड्यावरच्या भोकांत लेस सैल, घोट्याजवळच्या शेवटच्या दोन भोकांत आवळून. याने टाच जागेवर राहते आणि बोटं मोकळी राहतात. आमच्याकडे बरीच पोरं एकदाच गाठ मारून बूट सँडलसारखा चढवतात. त्यांची टाच महिनाभरात सोलली जाते आणि बुटाचा मागचा कडक भागही कायमचा मोडतो.

फोड अचानक येत नाही. आधी ती जागा गरम वाटते, मग लाल होते, मग चुरचुरते. गरम वाटली तेव्हाच बूट काढून मेडिकलमध्ये मिळणारी कागदी चिकटपट्टी सरळ कातडीवर लावा. टाच आणि करंगळीची बाहेरची बाजू या दोन जागा आधीच चिकटवून ठेवल्या तर पहिला आठवडा निभावतो. फोड आलाच तर फोडू नका, झाकून ठेवा. ज्यांना शुगर आहे किंवा पायाला नीट कळत नाही, त्यांनी रोज रात्री पाय उजेडात तपासावेत. त्यांना फोड आलेला समजतच नाही. जखम दिसली तर घरगुती उपाय न करता डॉक्टर गाठावा.

काही जुन्या युक्त्या सेफ्टी शूजला चालत नाहीत. वहाणा तेलात भिजवतात तसं बुटांना गोडंतेल चोपडू नका. आजकालच्या बहुतेक सेफ्टी शूजच्या चामड्यावर दाणेदार छापाचा थर असतो, तेल आत शिरतच नाही; जिथे शिरतं तिथे शिलाई कुजते आणि वेल्डरच्या पायावर तेलकट चामडं धोक्याचं. पाण्यात भिजवून पायातच वाळवायचा प्रकारही नको. आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा बूट गच्चीच्या पत्र्यावर वाळत ठेवणं तर नकोच, चामडं कडक होऊन चिरतं आणि सोल सुटतो. साधं पॉलिश, तेही पातळ, घडीच्या जागेवर, एवढं पुरे. टाच किंवा घोट्याची पट्टी फारच चावत असेल तर चांगला मोची ती जागा आतून ठोकून नरम करून देतो. टोपीला मात्र त्याला हात लावू देऊ नका.

उन्हाळ्यात बूट आतून ओला होतो. जेवणाच्या सुट्टीत मोजे बदला, डब्याच्या पिशवीत दुसरा जोड ठेवा. घरी आल्यावर आतली गादी काढून वेगळी ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत पंख्याखाली ठेवा. पावसाळ्यात हे केलं नाही तर बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात आणि त्या महिनोन् महिने जात नाहीत. पाय धुऊन बेचके कोरडे पुसणं हाच पहिला इलाज. परवडलं तर दोन जोड आलटून पालटून घाला. दोन्ही जास्त टिकतात.

घेताना निर्मितीची तारीखही बघा. पीयू सोल वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिला तर दमट हवेने आतून ठिसूळ होतो आणि एक दिवस चालता चालता तुकडे पडतात. सवलतीत मिळणारा जुना माल बऱ्याचदा हाच असतो.

टोपीवर एकदा मोठा मार बसला की तो जोड संपला. वरून नुसता ओरखडा दिसेल, पण आत हात घालून बघा, टोपी कुठेतरी खाली दबलेली असते. बोटांसाठी ठेवलेली जागा गेली की पुढच्या माराला ती टोपीच बोटांवर येणार. सुपरवायझरला दाखवून नवीन मागा. जुना जोड भंगारात टाकण्याआधी चाकूने मधोमध कापा. न कापता टाकलेले बूट जुन्या बाजारात पॉलिश होऊन येतात आणि एखादा नवा पोरगा तेच घेऊन गेटवर उभा राहतो.