जुन्या वर्गातली माणसं परत आठवायची कशी

शाळा सुटून तीस-चाळीस वर्षं झाली की वर्ग आठवायला बसल्यावर ठरलेली सहा-सात नावं भराभर येतात आणि मग गाडी अडते. बहुतेक जण इथेच वही मिटतात. तुम्ही मिटू नका. पुढची माणसं यायची असतातच, फक्त ती आपलं नाव पुढे करून येत नाहीत.

१९८१ साली विल्यम्स आणि हॉलन या संशोधकांनी काही जणांना शाळेतल्या सोबत्यांची नावं आठवायला बसवलं आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं. अशा बैठका पुन्हा पुन्हा झाल्या. कित्येक तास उलटल्यावरही लोकांना नवी नावं सापडत होती. ती थेट नाव शोधून सापडत नव्हती. आधी एखादी जागा किंवा एखादा प्रसंग मनात उभा राहायचा आणि मग तिथे कोण कोण होतं ते दिसायला लागायचं. माझी सगळी पद्धत यावरच उभी आहे.

तेव्हा एक जाड वही घ्या आणि जागेपासून सुरुवात करा. जागा छोटी हवी. ‘शाळा’ फार मोठी, ‘वर्ग’सुद्धा मोठाच. पाण्याच्या नळाजवळची रांग घ्या. सायकली लावायचा कोपरा घ्या. कवायतीला उभं राहताना तुमच्या पुढे कोणाची मान दिसायची? फळा पुसायला कोण धावायचं? ‘आठवीत कोण कोण होतं?’ हा प्रश्न टाळा, सालाने फारसं काही हलत नाही. वागेनार नावाच्या डच मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षं स्वतःच्या रोजच्या घटना टिपून ठेवल्या आणि मग स्वतःचीच परीक्षा घेतली. काय घडलं, कोण होतं, कुठे होतं, या धाग्यांनी आठवणी हाती आल्या. कधी घडलं हा धागा सर्वांत कच्चा निघाला.

लहान गावात शिकलेल्यांची इथे चंगळ आहे. तिथे वर्गातली मुलं फक्त वर्गात भेटत नाहीत. ती रस्त्यात दिसतात, कोणाची तरी धाकटी बहीण किंवा थोरला भाऊ असतात, आणि त्यांचं घर आपल्याला बाहेरून तरी माहीत असतं. म्हणून घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता मनात सावकाश चाला. प्रत्येक दाराशी थांबा. इथून कोण निघायचं? कोणाला हाक मारावी लागायची? कोण आधीच पुढे गेलेलं असायचं?

माझ्या वहीत बरेच दिवस एक ओळ नुसती पडून होती: ‘हजेरीला तोंडाने ‘हजर’ न म्हणता हात वर करणारा मुलगा.’ नाव नाही, आडनाव नाही. मग शाळेचं फाटक आठवताना तिथे दप्तर पोटाशी धरून थांबलेला एक छोटा मुलगा दिसला. हा त्याचा धाकटा भाऊ. भावाचं नाव लगेच आलं, कारण त्याला हाक मारताना आम्ही ते ऐकलं होतं. नावामागून आडनाव आलं, आडनावावरून हजेरीपटातली जागा कळली, आणि बाईंच्या आवाजात त्याच्या आधीचं आणि नंतरचं नावही ऐकू आलं. एका बिननावाच्या ओळीने तिघं परत आणले.

म्हणून बिननावाची माणसं जरूर लिहा. ‘उंच, डावखुरी, प्रत्येक कवितेला चाल लावायची’ एवढं पुरे. चेहऱ्यासोबत नाव आणि व्यवसाय दोन्ही शिकवले तर व्यवसाय जास्त लक्षात राहतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. नाव हा माणसाचा सर्वांत निसटता भाग आहे. नाव गेलं म्हणजे माणूस विसरला असं अजिबात नाही.

जिभेवर येऊन अडलेल्या नावासाठी अ, आ, क, ख अशी अक्षरं एकेक करून पुटपुटा. तरी नाही आलं तर वही ठेवून द्या. उद्या बसा, परवा बसा.

आता सांभाळायची गोष्ट. त्याच १९८१च्या अभ्यासात उशिराच्या बैठकांमध्ये चुकीची नावंही वाढली होती. मन रिकामी जागा भरून टाकतं. म्हणून वहीत दोन रकाने करा: नक्की आणि बहुतेक. ‘बहुतेक’मधलं नाव दुसऱ्या कोणी स्वतःहून सांगेपर्यंत तिथेच राहू द्या.

वर्गाचा फोटो घरात असला तरी आधी काढू नका. १९७५ साली बाहरिक आणि सहकाऱ्यांनी ३९२ जणांची चाचणी घेतली. शाळा सोडून सुमारे ३५ वर्षं झालेल्यांनाही वर्गसोबत्यांचे चेहरे ९० टक्क्यांच्या आसपास ओळखता आले, पण आपणहून नावं आठवणं त्यांना फार जड गेलं. फोटो इतकं पटकन सगळं देतो की आपण शोधणं थांबवतो. आणि फोटोत सगळे नसतातच! वर्षाच्या मध्यात शाळा सोडून गेलेली मुलगी, त्या दिवशी आजारी असलेला मुलगा, फी थकल्याने यायचा बंद झालेला. ही माणसं कोणाच्याच गप्पांत येत नाहीत, आणि माझा जीव यांच्यासाठीच सर्वांत जास्त तुटतो. त्यांच्यासाठी वहीत वेगळं पान ठेवा. रिकामं झालेलं बाक आठवा: तिथे आधी कोण बसायचं?

चारच मित्रांच्या त्याच गोष्टी सांगत राहण्याची किंमतही असते. शब्दांच्या यादीवरचे प्रयोग सांगतात की काही शब्द वारंवार आठवले की त्याच गटातले उरलेले मागे पडतात. वर्गाचंही तसंच होत असावं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून गाजलेल्या मंडळींना एक बैठक सुट्टी द्या.

एकट्याची वही भरली की मगच इतरांना फोन करा. माणसं एकत्र बसून आठवतात तेव्हा, तितक्याच जणांनी वेगवेगळं बसून आठवलेल्या एकूण गोष्टींपेक्षा कमीच हाती लागतं. एकाच्या बोलण्याने दुसऱ्याचा धागा तुटतो. प्रत्येकाला आधी आपापलं लिहायला सांगा. विचारताना उत्तर तोंडात घालू नका. ‘खिडकीशी तीच बसायची ना?’ यापेक्षा ‘खिडकीशी कोण बसायचं?’ हे विचारा.

मग शोधायला निघा. मुलींची आडनावं बदललेली असू शकतात, तेव्हा भावावरून शोधणं सोपं. फोन लागला की ‘ओळख पाहू!’ असं कोड्यात टाकू नका. आधी स्वतःचं तेव्हाचं नाव सांगा, कोणत्या बाकावर बसायचात ते सांगा, आणि मग तिची एक आठवण द्या, चांगली आणि नेमकी. समोरून शांतता आली तर ती राहू द्या. काहींना ती वर्षं परत नको असतात. आणि फोन तिच्या मुलाने उचलून आई आता नाही असं सांगितलं, तरी ठेवून देऊ नका. त्याला विचारा, आई शाळेत कशी होती ते ऐकायचंय का. ‘हो’ म्हणाला तर वही उघडा आणि तिच्या नावापुढे जे लिहिलंय ते सगळं वाचून दाखवा.