केमोआधी ठरवून ठेवा: रात्री ताप आला तर गाडी कोणाची?

बायकोचा किंवा नवऱ्याचा पहिला केमो, म्हणजे कर्करोगावरच्या औषधाचा पहिला डोस, ठरला की आधी डिजिटल थर्मामीटर आणा. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या, इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे थेट दवाखाना, सकाळची वाट पाहायची नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉलही देऊ नका. ताप उतरलेला दिसतो, इन्फेक्शन मात्र आत वाढत राहतं.

शासकीय कर्करोग रुग्णालय छत्रपती संभाजीनगरात आणि आपण अंबड, गेवराईकडच्या एखाद्या खेड्यात. म्हणून रात्री दोनला कोणाची गाडी निघेल, हे आजच बोलून ठेवा. गाडीवाल्याचा आणि दवाखान्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. फाइल, आधार, रेशनकार्ड एकाच पिशवीत.

दुखणं कळलं की पाव्हणे येतात, माया असते त्यात. पण सर्दी-खोकला असलेल्याला दारातूनच परत पाठवायचं काम तुमचं. आजारी माणसाला ते बोलता येत नाही. माझ्या बायकोला तर फारच अवघड जायचं. टँकरचं पाणी उकळूनच द्या. दात दुखत असेल तर केमोआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि एकदा निवांत बसून विचारा, "तुला कशाची भीती वाटते?" उत्तर आलं की लगेच "काही होत नाही" म्हणू नका. आमच्या घरी उत्तर आलं, केसांची. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी मऊ सुती रुमाल आणले, रंग तिनंच निवडले.