पीटेड माल्ट चाखताना धूर बाजूला कसा सारायचा

पीटेड, म्हणजे पीटच्या धुरावर सुकवलेल्या बार्लीची सिंगल माल्ट व्हिस्की ओतली की आधी धूरच नाकात शिरतो. टिंक्चर, डांबर, ओली राख, सोडणं (नारळाची सालं) घालून पेटवलेली आणि आता विझत आलेली चूल. ‘औषधासारखी लागते’ म्हणून बरेच जण इथेच ग्लास बाजूला ठेवतात. गंमत त्या धुराखाली आहे, आणि तिथवर पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

धूर येतो पीटचा, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा. स्कॉटलंडच्या आयला बेटावर मोड आलेलं बार्ली त्यावर सुकवतात आणि धुरातली फिनॉलं, म्हणजे धुराचा वास देणारी रसायनं, दाण्याला चिकटतात. आर्डबेग या आयलाच्या व्हिस्कीचा 55 पीपीएम (दहा लाखांत 55 भाग फिनॉल) हा आकडा त्या माल्टचा, म्हणजे सुकवलेल्या दाण्याचा आहे. भट्टीतून उतरताना आणि पिंपात मुरताना त्यातलं बरंच कमी होतं, म्हणून नुसत्या आकड्यावरून बाटली निवडू नका.

गोव्यात आधी खोली सांभाळावी लागते. मच्छर कॉइल, उदबत्ती, तळलेला बांगडा, यातलं काहीही आसपास असेल तर धुराचा अंदाज चुकतोच. पंखा बंद ठेवा, तो वास उडवून नेतो. मे महिन्यात 32 अंशांवर अल्कोहोलची वाफ भराभर उठते आणि नाक झोंबतं, म्हणून एसी 22–24 वर ठेवून ग्लास दहा मिनिटं तिथेच राहू द्या. बर्फ मात्र नको, गारठ्याने वास मिटतो. त्याच संध्याकाळी आधी फेणी किंवा हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) घेतलं असेल तर चाखणं उद्यावर टाका. तिखट हुमणाच्या (माशाच्या कालवणाच्या) जेवणाआधी बसलेलं बरं.

ग्लास तोंडाशी निमुळता हवा. पावसाळ्यात कपाटातल्या ग्लासांना कुबट वास धरतो, म्हणून गरम पाण्याने विसळून उलटा निथळू द्या. पाण्याकडे तर जास्तच लक्ष द्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन फिनॉलांशी जुळलं की क्लोरोफिनॉल तयार होतं, आणि त्याच्या अगदी थोड्या अंशानेही दवाखान्याचा वास येतो. मग दोष उगाच व्हिस्कीला लागतो. पाणी पंधरा मिनिटं उघडं उकळून गार करा, किंवा कमी क्षारांचं बाटलीतलं घ्या.

20 मिली ओता. ग्लास हनुवटीपासून हळूहळू वर आणा, तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा. एकदम नाक आत खुपसू नका. तीन-चारदा हुंगल्यावर नाक धुराला सरावतं. एरवी ही अडचण, इथे हीच युक्ती: धूर मागे सरला की लिंबाची साल, खारेपणा, व्हॅनिला, पिकलेलं सफरचंद वर येतं. पुन्हा धूर तपासायचा झाला तर दोन-तीन मिनिटं ग्लास दूर ठेवा.

पहिला घोट फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून, मत दुसऱ्या घोटावर बनवा. अर्धा चमचा घ्या, दहा सेकंद तोंडात फिरवा, गिळल्यावर श्वास नाकातून सोडा. राख तिथे कळते.

आता पाणी. 46 टक्क्यांची 20 मिली असेल तर 3 मिली पाण्याने ती 40 वर येते, सव्वासहा मिलीने 35 वर. औषधाचा ड्रॉपर वापरा, एकेक मिली घाला, दर वेळी हुंगा. धूर आणि गोडवा दोन्ही वेगवेगळे कळू लागले की थांबा. नळाखाली ग्लास धरून टाकलेलं पाणी परत काढता येत नाही.

तुलनेसाठी आयलाच्या व्हिस्कीशेजारी गोव्यातल्याच कुंकळ्ळीच्या पॉल जॉन डिस्टिलरीची ‘बोल्ड’ ठेवा. स्कॉच नव्हे, पण पीट आयलाचाच, बार्ली भारतीय आणि मुरणं गोव्याच्या उकाड्यात. प्रत्येकी 15 मिली पुरे. एकाच बेटाचा धूर दोन हवामानांत कसा वेगळा वागतो ते दोन ग्लासांत समोर दिसतं.

संपल्यावर ग्लास धुऊ नका. तसाच उघडा ठेवून सकाळी हुंगा: अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि तळाशी नुसती राख आणि लाकूड उरलेलं असतं.